पाठीवर वारा घेणारा माणूस

इस्पितळात सत्तावीस वर्षं काढल्यापासून शूर माणसांची मला जरा धास्तीच वाटते. शूर माणूस मास्क गळ्यात लटकवून हिंडतो, रुग्णाच्या खाटेवर बसून गप्पा मारतो, हात धुवायचे राहिले तर हसण्यावारी नेतो, आणि मग पंधरा दिवसांनी त्याचीच नाडी आपल्याला बघावी लागते. असे शूर मी पुष्कळ पाहिले. त्यांची नावं आता एकमेकांत मिसळतात. लख्ख आठवतो तो एक भित्रा. उखा अप्पा.

सुरतेच्या ज्या सरकारी इस्पितळात मी नर्स होते त्याचं नाव सांगत नाही. तिथली दोन-चार माणसं अजून माझ्याशी बोलतात, ती बोलती राहावीत. अप्पा तिथे टी.बी.च्या वार्डात वार्डबॉय होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बॉय म्हणणं इस्पितळातच चालतं. हजेरीपटावर त्यांचं नाव उखर्डू. गाव शिंदखेड्याच्या बाजूचं. आईची आधीची तीन मुलं गेलेली, म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांना उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून घरात आणलं होतं. उकिरड्यावरची वस्तू यम कशाला नेईल, असा त्या माउलीचा विचार. पुढे आमच्या अख्ख्या इस्पितळात त्यांच्याइतका स्वच्छ माणूस नव्हता, सर्जन धरून.

वार्डात पाऊल टाकण्यापूर्वी अप्पा दारात थांबायचे. खिडकीच्या दांडीला त्यांनी गॉजची एक पट्टी बांधून ठेवली होती. ती कुठल्या बाजूला उडतेय ते बघायचं आणि मग कुठून आत शिरायचं ते ठरवायचं. सकाळी वारा कसा असतो, दुपारी डुमसच्या समुद्राकडून कसा येतो, पावसाळा सरताना कसा फिरतो, हे त्यांना एखाद्या कोळ्यासारखं ठाऊक होतं. रुग्णाजवळ उभं राहायचं ते वारा पाठीवर घेऊन. मी नवीन होते तेव्हा एकाला इंजेक्शन द्यायला वाकले, तर मागून कुणीतरी कोपर धरून मला अलगद खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेलं. मी चिडून वळले. अप्पा शांतपणे म्हणाले, "ताई, इकडून द्या. या दंडातही सुई तेवढीच जाते."

चादर बदलायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. दारात छाती भरून श्वास घ्यायचा, खाटेशी जाऊन चादर चारी कोपऱ्यांनी आतल्या आत गुंडाळायची, बादलीत टाकायची आणि व्हरांड्यात येऊन श्वास सोडायचा. सगळं एका दमात. चादर झटकायची नाही म्हणजे नाही. एखादी नवीन आया चादर झटकताना दिसली, की एरवी हळू बोलणारा हा माणूस अहिराणीत ओरडायचा, "व माय, काय करी ऱ्हायनी! सगळा रोग उधळी दिधा!" रुग्ण खोकायला लागला, की "भिंतीकडे, दादा, भिंतीकडे" म्हणत स्वतःही तोंड फिरवायचे. वार्डात पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. चहा प्यायचा तो फाटकाबाहेरच्या लारीवर, घरून आणलेल्या पितळी पेल्यातून.

पांडेसऱ्याला त्यांची एक खोली होती. संध्याकाळी त्यांची बायको विमलवहिनी ओट्यावर बादली भरून ठेवायची. अप्पा बाहेरच गणवेश उतरवणार, लांबून ओतलेल्या पाण्यानं आंघोळ करणार आणि मगच उंबरा ओलांडणार. शेजारच्या बिऱ्हाडांना वाटायचं, अप्पांचं काहीतरी कडक सोवळं आहे, कुणी गुरूबिरू केलाय. दोघी-तिघी तर येता-जाता त्यांच्या पाया पडायच्या. अप्पा पडू द्यायचे, पण लांबून.

इस्पितळ मात्र त्यांना हसायचं. सगळ्यांत जास्त हसायच्या आमच्या वार्डाच्या इनचार्ज सिस्टर रमीलाबेन. उंच, मोठ्या आवाजाच्या, आणि शूर. रुग्णांच्या खाटेवर बसून त्यांना हातानं भरवायच्या. त्या नुसत्या आत आल्या तरी रुग्णांना बरं वाटायचं. त्या म्हणायच्या, "अप्पा, तमे तो बहु बीकण छो." बीकण म्हणजे भित्रा. अप्पांना त्यात अपमान वाटत नसे. "हो बेन," ते म्हणायचे, "माले भ्याव वाटस, म्हनीसन मी शे." मला भीती वाटते म्हणून मी आहे.

ही भीती आली कुठून ते मला पुढे कळलं. ती नोकरी मुळात अप्पांची नव्हतीच. त्यांच्या पाठचा भाऊ रामा, त्याची ती. रामा पैलवानी अंगाचा, बिनलग्नाचा, वार्डाचा लाडका. रुग्णांना कडेवर उचलून न्यायचा, त्यांच्या ताटात उरलेली खिचडी खायचा, दुपारी रिकामी खाट दिसली की तिच्यावर ताणून द्यायचा. चार वर्षांत त्याला खोकला लागला. तो त्यानं लपवला, कारण टी.बी.च्या वार्डातल्या माणसालाच टी.बी. व्हावा याची त्याला लाज वाटली. ज्या वार्डात राबला त्याच वार्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर तो गेला. अप्पा तेव्हा बारडोलीकडे ऊसतोडीला होते. स्मशानातून परत येताना कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "वाईट झालं, पण नोकरी घरातच राहील."

आणि राहिली. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरच्याला कामावर घेतात, तसं अप्पांना घेतलं. गणवेशही रामाचाच मिळाला, बाह्या आखूड करून. हे सांगताना अप्पा कधी रडले नाहीत. एवढंच म्हणायचे, "ताई, ही नोकरी मला खोकल्यानं दिली. मी ती कुणाला देणार नाही."

या वाक्याचा अर्थ त्यांच्या घरात सगळ्यांना कळत होता आणि कुणालाच आवडत नव्हता. अप्पांना एकच मुलगा, सुभाष. बावीस-तेवीस वर्षांचा, दहावी नापास. आज लूमवर, उद्या साड्यांना खडे लावायला, परवा घरी. नातेवाईक त्याला धीर द्यायचे, "तुले काय काळजी, अप्पानी जागा शे ना!" ती जागा कधी मिळते हे कुणी मोठ्यानं म्हणत नसे. एकदा नवापूरकडून सुभाषला स्थळ आलं. मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो? मध्यस्थ म्हणाला, वडील सरकारी दवाखान्यात आहेत. कुठल्या वार्डात? टी.बी.च्या. मुलीच्या बापानं समाधानानं मान हलवली. अप्पा समोरच बसले होते.

हा प्रसंग त्यांनीच मला सांगितला, आणि सांगताना इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं नाही. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट साधायची आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांना जिवंत रिटायर व्हायचं होतं. आरामासाठी नव्हे. रामाची जागा आपल्यापाशी संपावी, सुभाषपर्यंत जाऊ नये, म्हणून.

चौऱ्याण्णव साली गणपती बुडाले आणि त्यांच्या पाठोपाठ सुरतेत प्लेग आला. छातीतला प्लेग, एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या श्वासात जाणारा. आमचा वार्ड इस्पितळाच्या अगदी टोकाला होता, म्हणून टी.बी.चे रुग्ण हलवून त्याचाच प्लेगचा वार्ड केला. शहर बघता बघता रिकामं व्हायला लागलं. खाजगी दवाखान्यांना कुलपं लागली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. तोंडाला रुमाल नसलेल्या माणसाकडे लोक चोराकडे बघावं तसे बघायचे. आमचा बराच स्टाफही दिसेनासा झाला. माझा नवरा मुलांना घेऊन पुसदला गेला. मी मागे राहिले ती काही शौर्यानं नव्हे. माझी रजा मंजूर करणारे साहेबच रजेवर निघून गेले होते.

अप्पा जाणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. पहिल्याच दुपारी ते आले आणि म्हणाले, "ताई, निघतो. पांडेसऱ्याहून आमच्या गावाकडं ट्रक चाललाय." रमीलाबेननी हसत हसत हात जोडून त्यांना निरोप दिला. मला मात्र त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बघते तर अप्पा वार्डाच्या दारात. अंगात गणवेश, तोंडाला तीन पदरी कपडा, नजर गॉजच्या पट्टीवर.

"अप्पा! गेला नाहीत?"

"ट्रक पाहिला ना मी," ते म्हणाले. "साठ-सत्तर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. वरून ताडपत्री, चारी बाजूंनी बांधलेली. हवेला जागा नाही. आणि कोपऱ्यात एकजण गोधडीत तोंड खुपसून खोकत होता, कुणाला दिसू नये म्हणून. मी विमलला म्हटलं, उतर खाली."

"मग?"

"मग काय, तिनं सगळ्या पांडेसऱ्यासमोर माझा उद्धार केला. सुभाष तर बोलतच नाही. पण ताई, त्या ट्रकपेक्षा आपला वार्ड बरा. इथं निदान कोण आजारी आहे ते माहीत असतं."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि चादरी बदलायला आत गेले. सगळं शहर भीतीनं पळत होतं, आणि एक माणूस भीतीनं परत आला होता.

मग सुरू झालं खिडक्यांचं प्रकरण. आमच्या वार्डाला पश्चिमेला खिडक्या आणि पूर्वेला खिडक्या. डुमसकडचा वारा पश्चिमेनं आत यायचा आणि पूर्वेनं बाहेर पडायचा. पूर्वेला एक सोसायटी होती. तिथली जी दहा-बारा कुटुंबं अजून पळाली नव्हती ती मोर्चा घेऊन आली. म्हणाली, तुमचा प्लेगचा वारा आमच्या गॅलरीत येतो, बारी बंद करो, खिडक्या लावा. रजेवर न गेलेले एक साहेब शिल्लक होते. त्यांनी लगेच हुकूम काढला. सुतार आला आणि पूर्वेच्या खिडक्यांवर फळ्या ठोकून गेला.

अर्ध्या तासात वार्डातला वारा पडला. पट्टी सरळ खाली लोंबायला लागली. आम्ही मास्कच्या आत आपलाच श्वास परत परत घेत होतो. अप्पांचा चेहरा मी तेवढा घाबरलेला कधी पाहिला नव्हता. ते साहेबांच्या केबिनपर्यंत गेले, दाराबाहेर उभे राहिले. साहेब म्हणाले, लखीने आपो, लिहून द्या. अप्पांना सहीपुरतं लिहिता येत होतं. ते परत आले ते थेट जनरेटरच्या खोलीत गेले आणि तिथून पक्कड घेऊन आले.

त्यांनी सगळे खिळे उपसले. फळ्या मात्र फेकल्या नाहीत, नुसत्या तिरक्या टेकवून ठेवल्या. सोसायटीतून बघितलं तर खिडकी बंद, आतून बघितलं तर वारा खेळता. पट्टी पुन्हा उडायला लागली. "सरकारही खूश, आपणही जिवंत," ते म्हणाले.

दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी भरदुपारी, मी जेवायला गेलेली असताना, एक लूमकामगार त्याच फळीमागून उडी मारून पळाला. त्याचा ताप उतरला होता, गावाला जायची घाई होती. असे पळालेले रुग्ण पोलीस गावभर शोधत होते, त्यामुळे बोभाटा झाला. अप्पांना मेमो मिळाला. गुजरातीतला मेमो मी त्यांना वाचून दाखवला: शासकीय हुकमाचा भंग करून खिडकी उघडी ठेवल्यामुळे रुग्ण पळाला, तरी खुलासा करावा.

"लिहा ताई," अप्पा म्हणाले. "खिडकी उघडी होती म्हणून तो पळाला, हे खरं. खिडकी बंद असती तर आम्ही गेलो असतो." आणि त्यांनी बोट वर केलं.

मी जरा मऊ भाषेत लिहून दिलं. त्यावर साहेब स्वतः पाहणीला आले. अंगावर एप्रन, त्यावर दुसरा एप्रन, तोंडाला दोन मास्क. वार्डाच्या मधोमध, वारा बरोबर तोंडावर घेऊन उभे राहिले आणि विचारायला लागले, कोणती खिडकी? शेजारच्या खाटेवरचा रुग्ण जोरात खोकला. अप्पांनी साहेबांचं कोपर धरलं आणि त्यांना तीन पावलं दुसऱ्या बाजूला नेऊन उभं केलं. वर्ग चारच्या कर्मचाऱ्यानं साहेबांना हात लावलेला मी तो पहिलाच पाहिला. "साहेब, आता बोला," अप्पा म्हणाले. "आता वारा तुमच्या पाठीवर आहे." साहेबांनी पट्टीकडे पाहिलं, खोकणाऱ्या माणसाकडे पाहिलं, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत खिडक्या आहेत तशा राहू द्याव्यात असं तोंडी सांगून बाहेर पडले. तो पुढचा हुकूम कधीच आला नाही.

एवढं सगळं होऊनही रमीलाबेननी आपली रीत सोडली नाही. मास्क गळ्यात. "मास्क घालून कोणाला हसून दाखवू?" असं त्या विचारायच्या. एका वर्तमानपत्रात त्यांचा फोटो छापून आला, रुग्णाला चमच्यानं पेज भरवताना, उघड्या तोंडानं. आम्ही सगळ्यांनी तो भिंतीला चिकटवला. अप्पांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "रामाच शे."

फोटो आल्याच्या चौथ्या दिवशी रमीलाबेनना थंडी वाजून ताप भरला. संध्याकाळपर्यंत छातीत दुखायला लागलं. त्यांना आमच्याच वार्डात कोपऱ्यातली खाट दिली, तेवढी एकच रिकामी होती. दोन बाजूंना भिंत. तिथे वारा पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघाले होते. त्या एकदम उठून बसल्या, त्यांना जोराची ढास लागली, तोंडातून लालसर फेस आला आणि त्या खाटेवरून कलल्या. मी दहा पावलांवर होते. माझे पाय हलले नाहीत. आजही मी त्याचं कारण शोधत बसत नाही. मला मरायचं नव्हतं, एवढंच.

अप्पा दारात होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आत गेले. त्यांनी रमीलाबेनना काखेत हात घालून धरलं, वर ओढलं, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, त्यांच्याच पदरानं त्यांचं तोंड पुसलं. एरवी एवढ्यात ते व्हरांड्यात पोचलेले असत. पण रमीलाबेनची ढास थांबेना. त्यांनी अप्पांचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. अप्पांचे डोळे बाहेर यायला लागले. मान लाल झाली. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, ती फार लांब होती. आणि मग मला त्यांची छाती हललेली दिसली. त्यांनी श्वास घेतला. रमीलाबेनच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर. एकदा घेतला तो घेतलाच, मग ते तिथेच बसून घेत राहिले, ढास थांबेपर्यंत. तोंडावरचा कपडा केव्हाच खाली सरकला होता.

"ताई," ते तिथूनच म्हणाले, "सुई द्या आता. इकडं येऊ नका, हात लांब करा."

मी हात लांब केला.

त्या दिवसापासून अप्पा घरी गेले नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला चादरी ठेवायची खोली होती, तिथे त्यांनी आपली सतरंजी टाकली. सहा तासांनी कॅप्सूल घ्यायचे आणि तासातासाला थर्मामीटर लावून मला लांबून वाचायला लावायचे. त्यांचा थरकाप उडाला होता. एवढी उघडी, निर्लज्ज भीती मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही, आणि तरी चादरी बदलायची वेळ झाली की ते उठून वार्डात जात होते.

सुभाष डबा घेऊन आला तेव्हा मी व्हरांड्यातच होते. अप्पांनी त्याला खालच्या अंगणात, त्यांना हवं त्याच ठिकाणी उभं केलं. "आनखी तिकडे. हां, तठेच." ट्रक सोडला तेव्हापासून तो बापाशी बोलला नव्हता.

"सुभाष," अप्पा म्हणाले, "मी गया ते अर्ज करजो नको."

सुभाषनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"कोनी काय सांगो, मायनी सांगो, अर्ज करजो नको. बोल."

"नही करसू," सुभाष म्हणाला. मग डबा पायरीवर ठेवला आणि मागे सरकला. गेला मात्र नाही. तासभर तिथेच उभा राहून खोलीकडे बघत होता. पुढचे सगळे दिवस तो डबा घेऊन येत होता आणि तसाच उभा राहत होता.

मुलाच्या शब्दावरही अप्पांचा भरवसा नव्हता. त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, की माझा मृत्यू झाल्यास माझ्या जागेवर माझ्या कुटुंबातल्या कोणालाही घेऊ नये. खाली सही केली. ऑफिसातला क्लार्क प्लेगमध्येही जागेवर होता, तोंडाला रुमाल बांधून. त्यानं अर्ज वाचला आणि परत पाठवला. जागा मागण्याचा नमुना आहे, नको म्हणण्याचा नमुना नाही, असा शेरा होता.

पण त्याची गरज पडली नाही. अप्पांना ताप आलाच नाही. आठवडा गेला, दहा दिवस गेले. रमीलाबेन औषधांनी सावरल्या, काठी घेऊन चालायला लागल्या. आमच्या वार्डात त्यांच्याखेरीज कुणी आजारी पडलं नाही. शहरात माणसं परतू लागली, लूमचा खडखडाट सुरू झाला. रजेवर गेलेले साहेबही आले, चांगले ताजेतवाने होऊन, आणि सत्काराच्या समितीचे तेच अध्यक्ष झाले. मंडप पडला. रमीलाबेनना शाल मिळाली. अप्पांना एक प्रशस्तिपत्रक मिळालं.

"वाचा ताई," ते म्हणाले.

मी वाचलं: "निर्भयपणे केलेल्या सेवेबद्दल."

"म्हणजे?"

"न घाबरता."

अप्पांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, उलटसुलट केला, आणि खरोखर रागावले. "हे दुसऱ्या कुणाचं असेल. माझ्या हातात चुकून आलंय." ते परत करायला निघाले होते, मी अडवलं. मेमोचं मात्र त्यांना काही वाईट वाटलं नव्हतं. "तो माझाच आहे," म्हणाले. "खिडकी मीच उघडली."

त्यानंतर रमीलाबेन मास्क नाकावर घ्यायला लागल्या. अप्पांना बीकण म्हणणं त्यांनी सोडलं नाही, पण आता त्या शब्दात माया होती. वार्ड पुन्हा टी.बी.चा झाला. अप्पा पुन्हा दारात थांबून आत शिरायला लागले. मी त्यांच्याकडे बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, अजून तीन वर्षं, अजून दोन, अजून एक. हा माणूस सुखरूप बाहेर पडावा असं मला फार वाटायचं. माझ्यासाठीही. त्या सकाळी जी पावलं मी टाकली नाहीत ती त्यांनी टाकली होती.

अठ्ठ्याण्णवला ते रिटायर झाले. जिवंत, धडधाकट, एकदाही टी.बी.चा डाग न उमटलेली छाती घेऊन. शेवटच्या दिवशी एक्स-रे काढून तो त्यांनी मला उजेडात धरून दाखवला. व्हरांड्यात छोटा समारंभ झाला. हार, नारळ, पेढे. रमीलाबेन बोलायला उभ्या राहिल्या आणि रडल्या. अप्पांनी कधी नव्हे तो वार्डाच्या आवारात पेढा खाल्ला. "झालं ताई," मला म्हणाले. "रामानी जागा संपनी."

एवढ्यात फाटकातून लुना आली. सुभाष घ्यायला आला होता. गेलं वर्षभर तो पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये कामाला आहे असं अप्पा सगळ्यांना सांगत. त्यानं लुना स्टँडवर लावली. त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा आकाशी गणवेश होता आणि खिशावर एका खाजगी हॉस्पिटलचं नाव शिवलेलं होतं.

अप्पांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"वरस थयं," सुभाष म्हणाला. मान ताठ होती. "आज सांगसू असं ठरायेल व्हतं. तुम्ही रिटायर व्हायनात मंग सांगसू. अप्पा, मी अर्ज नही कया. तुमनी जागा नही लिधी. हाई मनी शे." आणि मग खालच्या आवाजात, "प्लेगमा मी तठे अंगणमा उभा राहीसन तुमले देखे ना, रोज..."

रमीलाबेननी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता अप्पा ओरडणार, किंवा खाली बसणार. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या हातांकडे, नखांकडे, गळ्याकडे.

"कोनता वार्ड?" त्यांनी विचारलं.

"आय.सी.यू.," सुभाषचा चेहरा उजळला. "फुल ए.सी., अप्पा. सगळं पॅक. खिडकीच नही तठे."

अप्पांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. नारळ पिशवीत टाकला. चष्मा पुसून पुन्हा लावला. मग लुनाच्या मागच्या सीटवर बसले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाल," ते म्हणाले. "माले दखाड."

पांडेसऱ्याला जायचं तर आमच्या फाटकातून डावीकडे वळावं लागतं. लुना उजवीकडे वळली.